चुऱ्यातला दाणा

इंदुरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. कैलास यास अल्लाउद्दीनचाचाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग भांडायला बसतो. झुंबरवहिनींच्या डोळ्यांचं काय झालं? थंडीत मोतीबिंदू काढायचा म्हणत होत्या, काढला का? गुडघ्याला अजून निर्गुडीचा पालाच बांधतात की डॉक्टरचंही थोडं ऐकतात? स्नेहलचा खांदा कसा आहे? चिक्कीच्या कारखान्यात दिवसभर वाकून वड्या पाडायच्या म्हणजे खांद्याने तरी किती सोसायचं. समर्थची आठवीची परीक्षा जवळ आली असेल, गणित अजून छळतंय का? गाय व्याली का? आणि तू कसा आहेस? तीन पाळ्यांच्या नोकरीत झोपेचं खोबरं झालं असेल.

माझं म्हणशील तर छातीवर पोतं शिवल्यासारखी शिवण आहे, बाकी बरा आहे. दोन डिसेंबरला ऑपरेशन झालं, तेव्हापासून लेकीकडे इंदुरीत आहे. इफ्फत जिना चढू देत नाही, मीठ देत नाही, पेपरसुद्धा आधी स्वतः वाचून मग माझ्या हातात देते. जावईबापू अजीमला तुझं विचारलं की तो म्हणतो, "कामात आहे," आणि टेम्पो पुसायला उठतो. फोनवर मला समोरचा माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा ऐकू येतो, म्हणून हे पत्र. अजीमचा गुलाबांचा टेम्पो मुंबईला जाताना औंढ्यावरूनच जातो, तो पोचवेल.

आता भांडण. दिवाळीत तू नवा फोन नाचवत आलास आणि म्हणालास, "चाचा, एकशेआठ मेगापिक्सेल. तुमचा तो सहाचा कॅमेऱ्याचा डबा आता भंगारात घाला. एकशेआठ म्हणजे जपमाळेचे मणी, पुरता आकडा." मी म्हणालो, आमच्या माळेत नव्याण्णव असतात, तरी आमचं अडत नाही. तेवढ्यात इफ्फतने ताटं वाढली आणि माझा मुद्दा भाकरीखाली गेला. तो आता काढतो.

तुझी बायको रोज काय करते ते बघ. गरम चिक्की ताटात थापायची आणि सुरीने वड्या पाडायच्या. एका ताटाच्या सहा पाड नाहीतर एकशेआठ पाड, चिक्की तेवढीच राहते. वाढतो तो चुरा. जितक्या वेळा सुरी फिरते तितका चुरा. कॅमेऱ्याचं ताट म्हणजे त्याच्या आतली ती काच, जिच्यावर उजेड पडतो; तो उजेड म्हणजे चिक्की. माझ्या डब्यातली काच पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्या सहा वड्या. तुझ्या फोनमधली करंगळीच्या नखाएवढी, तिच्या एकशेआठ. दुपारच्या उन्हात चिक्की भरपूर, तेव्हा बारीक तुकडेसुद्धा भरलेले निघतात, कबूल. भिंतीएवढा फोटो कर, पानन्‌पान दिसेल. पण दिवेलागणीला ताटात पातळ थर असतो. त्याचे एकशेआठ केले तर हाती चुराच येणार. फोटोत जे रंगीबेरंगी ठिपके दिसतात, ज्याला तुम्ही नॉइज म्हणता, तो हा चुरा. मग फोन शहाणपणा करून झाडू मारतो. झाडूला काय कळतं, चुरा कुठला आणि दाणा कुठला.

म्हणून बाबा, आधी ताट केवढं ते बघावं, वड्या नंतर मोजाव्या. चाळीस वर्षं लोणावळ्याच्या पॉइंटवर लोकांचे फोटो काढून चौथी नापास माणसाला एवढं कळलंय.

तेव्हाच मी तुला म्हणालो होतो, दिवेलागणीचा एक फोटो काढून पाठव, मग बोलू. तू म्हणालास पाठवतो. तीन महिने झाले. हरलास म्हणून गप्प आहेस की काय?

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा
अल्लाउद्दीनचाचा

---

औंढे
१३ फेब्रुवारी २०२५

ती. चाचांस स्नेहलचा नमस्कार.

पत्र ह्यांच्या नावाचं होतं. ते मी फोडलं.

तुम्ही विचारलंत त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही राहणार नाही. आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचा सोळा जानेवारीला काढला, आता त्या डोळ्याने चांगलं दिसतं. गुडघ्याला निर्गुडीच बांधतात. माझा खांदा दुखत असेल, लक्ष गेलेलं नाही. समर्थला सहामाहीला गणितात पन्नासपैकी बत्तीस मिळाले. गाय व्याली, कालवड झाली. हे १९ डिसेंबरला गेले. पहिल्या पाळीला निघाले होते. वडगावच्या अलीकडे ट्रकने मागून धडक दिली. जागीच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

तुमचं ऑपरेशन होऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. तुम्हाला धक्का बसता कामा नये असं अजीमभाऊंना सांगितलेलं होतं, म्हणून कळवलं नाही. ते दहाव्याला येऊन गेले. काल पत्र देताना म्हणाले, "आता मला लपवणं होत नाही. तू खरं लिही, मी गोळी देऊन शेजारी बसेन." तर ते आता शेजारी बसले असतील. त्यांच्यावर रागावू नका.

मला रडू आलेलं नाही. दहाव्यालाही आलं नाही. बायका म्हणाल्या, दगड झाली. मी रोज कामावर जाते, येते, स्वयंपाक करते. काही राहत नाही.

एक गोष्ट मात्र अडली आहे आणि ती तुमच्या कामातली आहे, म्हणून विचारते.

ह्यांचा धड फोटो नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मुंडावळ्यांआड तोंड आहे आणि मिशीही नाही. कंपनीच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा आहे. दिवाळीत नवा फोन घेतला तेव्हा जुना एक्स्चेंजमध्ये दिला, त्यात आठ वर्षांचे फोटो होते. काढून घेऊ म्हणता म्हणता राहिलं. नव्या फोनमधला एक होता, आमच्या ओट्यावर बसलेले, मीच काढलेला. तो बाजारातल्या स्टुडिओत मोठा करायला दिला. तो म्हणाला, "एकशेआठ मेगापिक्सेल आहे ताई, भिंतीएवढा करून देतो." वीस बाय तीस इंचाची फ्रेम झाली. अगदी स्वच्छ आहे. कपड्यावरची घडीसुद्धा दिसते.

आईंची पट्टी सुटली त्या दिवशी घरी आल्या आल्या म्हणाल्या, "आदी मला कैलासपाशी ने." मी फ्रेमसमोर उभं केलं. त्यांनी डोळा काचेपर्यंत नेला. मग म्हणाल्या, "ह्यो कोन गं?"

मी म्हटलं, "आई, हेच ते."

"न्हाई. ह्यो माझा कैलास न्हाई. दोन वर्सं मला नुसतं धुकं दिसलं. आता नीट दिसाय लागलं तर तू मला दुसराच मानूस दावतीस व्हय?"

मी त्यांना मेगापिक्सेल सांगितले. त्यांना ते कळलं नाही. खरं तर मलाही कळलेलं नाही. एवढा मोठा आकडा असून चेहरा का आला नाही, तेवढं तुम्ही सांगा. रोज संध्याकाळी त्या मला तेच विचारतात.

तब्येत सांभाळा.

स्नेहल

---

इंदुरी
२० फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहल बेटा,

पत्र मिळून सहा दिवस झाले. अजीमने गोळी दिली, पाणी दिलं, शेजारी बसला. त्याच्यावर रागावलो नाही. एवढंच म्हणालो, "दोन महिने तू माझ्या ताटासमोर बसून जेवलास." तो म्हणाला, "जेवलो कुठं, अब्बा." खरं आहे, पोर निम्मं झालंय.

मी कैलासला लिहिलं होतं, हरलास म्हणून गप्प आहेस की काय. ते वाक्य आता कुठे पुसू? शाईचं लिहिलेलं आहे. तू तो कागद ठेव नाहीतर चुलीत घाल, मला विचारू नकोस.

तुला धीर द्यायला मी बसलो तर मलाच कुणीतरी धरावं लागेल. रडू येत नाही तर नको येऊ दे. विहिरीचं पाणी आटलं असं लोक म्हणतात, खरं तर दोर तोकडा पडलेला असतो. ज्या बायका दगड म्हणाल्या त्यांच्या घरी मीठ मागायला जाऊ नकोस, बाकी काही करू नकोस.

आता कामाचं बोलतो, ते मला जमतं.

वहिनी चुकल्या असं धरून चालू नकोस. पॉइंटवर कैलासच्या बापाच्या, गेणूच्या मक्याच्या गाडीशेजारी माझा कॅमेरा असायचा. गेणू कणसं भाजायचा, वहिनी मीठ-लिंबू चोळायच्या, आणि गाडीखालच्या गोणपाटावर कैलास. तो रांगायचा तेव्हापासून मी त्या बाईला पोराकडे बघताना बघितलंय. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना तिची नजर खाली गोणपाटावरच असायची.

त्यामुळे मला तीन गोष्टी कळव. एक, तो फोटो किती वाजता, कुठल्या उजेडात काढला. दोन, त्या फ्रेमची पोस्टकार्डाएवढी कॉपी स्टुडिओतून काढून अजीमजवळ दे. तीन, तो सहा वर्षांचा असताना शेगडीच्या कडेवर पडला होता. भुवई भाजली. मी स्कूटरवर मागे बसून, मांडीत घेऊन दवाखान्यात नेला, त्याने माझ्या शर्टाचं बटण तोडलं ते अजून सापडायचंय. भुवईच्या त्या जागी पुन्हा केस आले नाहीत. अर्ध्या बोटाएवढी जागा, भाताच्या खाचरात रोप जगलं नाही की जशी मोकळी राहते तशी. ती खूण फ्रेममध्ये आहे का बघ. कुठल्या भुवईवर आहे तेही लिही.

रोजच्यासारखं जेव. वहिनींना म्हणावं, अल्लाउद्दीन म्हणाला, तुमची तक्रार लिहून घेतली.

चाचा

---

औंढे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. चाचांस नमस्कार.

तुमची गोळी वेळेवर चालू असेल. इफ्फतताईंना नमस्कार. कॉपी सोबत दिली आहे.

फ्रेममध्ये खूण नाही. दोन्ही भुवया भरलेल्या आहेत.

आणि चाचा, कुठल्या भुवईवर होती ते मला आठवत नाही. खूण होती हे आठवतं. लग्नानंतर मी एकदा त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, "मक्याच्या कणसाने चावा घेतला." पण कुठल्या बाजूला, ते आठवायला डोळे मिटले की फ्रेममधलाच चेहरा येतो. दोन महिने रोज दिवा लावताना तोच बघते. पंधरा वर्षं शेजारी असलेला माणूस, आणि मला बाजू आठवत नाही. आईंना विचारायचं धाडस झालं नाही. समर्थला विचारलं तर तो दप्तर घेऊन बाहेर गेला.

आईंनी आता फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. म्हणतात, "परक्या मानसाफुडं मी हातपाय पसरून कशी बसू?" चंदनाचा हार मागच्या पुठ्ठ्यावर लोंबतो.

फोटो आठ डिसेंबरचा, रविवारचा. दिवेलागण झाली होती. लाइट गेलेली, ओट्यावर चार्जिंगचा एक बल्ब होता. हे गायीला गवत टाकून हात धुऊन बसले होते. म्हणाले, "चाचाला पाठवायचाय. एकशेआठवर कर, मोठा काढ. म्हातारा दवाखान्यातून आला की त्याच्या हातात देतो." हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. तुम्हाला लागेल असं वाटलं. पण तुम्ही उजेड विचारलात, म्हणजे लिहावं लागलं. तो फोटो खरं तर तुमचाच आहे.

फोन कपाटात आहे. त्या दिवशी चार्जिंगला लावलेला घरीच राहिला होता. साडेआठला कंपनीतून त्यावर फोन आला, कैलास आज का आला नाही. मी म्हटलं, निघालेत, पोचतील एवढ्यात. त्यानंतर तो मी एकदाच उघडला, स्टुडिओत, आणि बोट दाखवून तो एक फोटो द्यायला सांगितला. परत बंद केला.

चुऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते अर्धं बरोबर आहे. आम्ही चुरा झाडून फेकत नाही. पाळी संपली की सगळा गोळा करून चाळतात, आणि त्यातले अख्खे दाणे हाताने वेचतात. डोळ्याला तो सगळा गूळच दिसतो. बोटाला कळतो दाणा. खांद्यामुळे मालकांनी माझ्याकडची सुरी काढून घेतली आहे, सध्या वेचायचं काम माझ्याकडे आहे. तसं बरं आहे ते. त्यात बोलावं लागत नाही.

स्नेहल

---

इंदुरी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहल बेटा,

पत्र वाचलं. माझ्यासाठी तो ओट्यावर बसला होता, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. लागलं. लागू दे. माझ्या छातीत आधीच शिवण आहे, तिथेच अजून एक टाका.

कॉपी मी भिंग घेऊन पाहिली. वहिनींचा डोळा खरा आहे. हा आपला कैलास नाही.

तू विचारलं होतंस चेहरा का आला नाही. तुझ्याच कारखान्यातलं उत्तर देतो, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. एका बल्बचा उजेड, म्हणजे ताटात अगदी पातळ थर. त्याच्या नुसत्या एकशेआठ नव्हे, एकशेआठ मेगा, म्हणजे दहा कोटी ऐंशी लाख वड्या पाडल्या. जवळजवळ सगळा चुराच झाला. फोनने त्याच्यावर झाडू मारला. मग स्टुडिओवाल्याने तो भिंतीएवढा ताणला, चुरा आणखी दिसायला लागला, म्हणून त्याने कॉम्प्युटरला सांगितलं, साफ कर. तुम्ही चाळता, वेचता. कॉम्प्युटर वेचत नाही. त्याने केस नसलेली जागा पाहिली आणि तोही चुराच समजून बुजवली. वर कशाने बुजवली? हजार अनोळखी माणसांच्या भुवया त्याने बघून ठेवलेल्या असतात, त्यावरून एक भुवई काढली. स्टुडिओवाल्याचा दोष नाही, त्याला वाटलं आपण बाईचं काम सुंदर करून दिलं. मीही पॉइंटवर नवऱ्या मुलींच्या पुटकुळ्या पुसल्यात. तेव्हा पाप वाटलं नाही.

मोठ्या आकड्याने फसलीस असं म्हणू नकोस. तूच काय, सगळे लोणावळेकर फसलेत. दर दिवाळीत फसतात.

आता नीट वाच. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. तो म्हणाला, "एकशेआठवर कर, मोठा काढ." बेटा, चाळीस वर्षं मी माणसांसमोर कॅमेरा धरलाय. समोर बसलेला माणूस असं कधी म्हणतो? पहिला फोटो काढून झाल्यावर. आधी तू साधाच काढला असशील. फोन उघडला की तो काही आपोआप एकशेआठवर नसतो, ते मुद्दाम करावं लागतं. मुद्दाम नाही केलं तर फोन शहाण्यासारखा वागतो. नऊ नऊ बारक्या वड्या एकत्र धरून त्यांची एक मोठी वडी करतो. एकशेआठच्या बाराच होतात, पण प्रत्येकीत नऊपट चिक्की. चुरा कमी. झाडूही कमी मारावा लागतो. दाणा जागेवर राहतो.

तो पहिला फोटो फोनमध्ये आहे का, बघ.

त्यासाठी कपाट उघडावं लागेल, फोन सुरू करावा लागेल. सोपं नाही हे मला माहीत आहे. इफ्फतला रविवारी टेम्पोतून पाठवतो, ती तुझ्याजवळ बसेल. बोलणार नाही, तिला तसं बजावलंय. तरी बोललीच तर चहा दे, गप्प होते.

सापडला तर भिंतीएवढा करायचा नाही. पोस्टकार्डाएवढाच. छोट्या कागदावर उरलासुरला चुरा मिटून जातो, डोळ्याला फक्त माणूस दिसतो. मोठं करून माणूस जवळ येत नाही. आणि स्टुडिओवाल्याला कागदावर लिहून दे: काहीही साफ करू नये.

खूण कुठल्या भुवईवर होती ते मला पक्कं माहीत आहे. पण सांगणार नाही. मी सांगितलं तर तुला माझं आठवेल, तुझं नाही. वहिनींनाही विचारू नकोस. आधी फोन बघ.

चाचा

---

औंढे
८ मार्च २०२५

ती. चाचांस स्नेहलचा नमस्कार.

इफ्फतताई रविवारी आल्या. तुम्ही बजावलं होतं म्हणून दारातून आत येऊन गप्प बसल्या. आईच म्हणाल्या, "ही मुकी झाली का काय? एवढी बडबडी लेक." मग त्यांनी मेथी निवडायला घेतली.

फोन मी रविवारी उघडला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी कारखान्यातून आले, हात धुतले नव्हते, गुळाने चिकट होते, तशीच कपाटापाशी गेले. चार्जरला लावून सुरू व्हायची वाट बघत उभी राहिले. सुरू झाल्यावर बरेच मेसेज येत राहिले, ते येऊ दिले.

पहिला फोटो आहे. तुम्ही म्हणालात तसा, आधीचा, साधा. मी तो स्टुडिओतही बघितला होता, पण चांगला नाही म्हणून सोडून दिला होता. कारण त्यात हे तयार नाहीत. एक हात माझ्याकडे केलेला, तो हलल्यामुळे पुसट आहे, आणि तोंड उघडं. मला सांगत आहेत, अगं थांब, एकशेआठवर कर. नंतर म्हणाले होते, पहिला पुसून टाक, येड्यासारखा दिसतोय. मी म्हटलं, पुसला. पुसला नव्हता, आळस केला होता.

खूण उजव्या भुवईवर आहे. शेवटाकडे, कानाच्या बाजूला.

बघितल्यावर मला ते बोट आठवलं, मी ठेवलं होतं ते. माझा डावा हात होता. म्हणजे समोरून त्यांची उजवीच येते. हे मी स्वयंपाकघरात दोनतीनदा हात वर करून बघितलं.

पोस्टकार्डाएवढा करून आणला. कागद लिहून दिला, काहीही साफ करू नये. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, बाराच मेगापिक्सेल आहे, आणि दाणेदार येईल." मी म्हटलं, येऊ दे.

काल शुक्रवारी सकाळी आई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मी काही न सांगता फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यापासून लांब धरला, मग जवळ, मग अंगठा त्या भुवईवरून एकदा फिरवला. मला वाटलं आता विचारणार, ह्यो कोन. त्या फोटोवरच ओरडल्या, "तोंड मिट की रं, माशी जाईल."

मला हसू आलं. हसता हसता पुढे जे झालं ते बराच वेळ चाललं होतं. आईंनी फोटो मांडीवर ठेवला आणि पाठीवर हात फिरवत राहिल्या. शेजारच्या अंबूबाई धावत आल्या, तर त्यांना म्हणाल्या, "काय न्हाई झालं. जा, तुजं दूध उतू जाईल."

आज कामावर गेले नाही. खांदा दुखतोय. चांगलाच दुखतोय.

एक कॉपी तुमच्यासाठी सोबत आहे. ह्यांनी तुम्हाला पाठवायचं म्हटलं होतं, ते पोचतं करते. एकशेआठचा नाही, माफ करा.

स्नेहल

---

इंदुरी
११ मार्च २०२५

चि. स्नेहल बेटा,

फोटो पोचला. मी भिंग घेऊन बसलो तो जेवायलाही उठलो नाही, तर इफ्फत गोळी घेऊन आली. तिला म्हटलं, "गोळी राहू दे, याच्याकडे बघ. हा अजून माझ्याशी भांडतोय." उजवी, कानाच्या बाजूला. बरोबर. स्कूटरवर त्याचं डोकं माझ्या उजव्या दंडावर होतं, म्हणून जखम वर राहिली आणि मला सगळा रस्ताभर दिसत होती.

एकशेआठचा नाही म्हणून माफी मागतेस. बेटा, या वादात मी जिंकलो ते मला नको आहे. तो समोर असता तर मी हरल्याचा कागद लिहून दिला असता.

हजेरी घेतो. वहिनींचा दुसरा डोळा कधी करायचा? तुझ्या खांद्याला अजीमजवळ तेल दिलंय, कोमट करून लाव, आणि दुखतोय म्हणून मालकाला स्पष्ट सांग. समर्थला म्हणावं, बत्तीस काही वाईट नाहीत, मला उभ्या आयुष्यात एकदाच तेवीस मिळाले होते. कालवडीचं नाव काय ठेवलं? कैलास कसा आहे?

हे मी सवयीने लिहून गेलो. आधी खोडणार होतो, आता खोडत नाही. विचारतोच. तो कुठे ठेवलाय तुम्ही? ओट्यावर ठेवू नका, तिथे दुपारी थेट ऊन येतं, दोन वर्षांत रंग उडतो. आतल्या भिंतीला, चुलीपासून लांब, वहिनींचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठेवा. अंगठा फिरवतात तर काचेखाली घालू नका. मळला की मला सांग, दुसरा काढून पाठवतो. मूळ फोटो अजीम तुझ्या फोनमधून उतरवून घेईल, तो माझ्या त्या सहाच्या डब्याशेजारी जपून ठेवतो.

वहिनींनी त्याला आज काय म्हटलं ते लिही. रोज काहीतरी म्हणत असणार. पत्र लवकर येऊ दे, टेम्पो गुरुवारी परत जातोय.

तुझा
अल्लाउद्दीनचाचा